विकिपीडियावरची पहिली ओळ

सातारा जिल्ह्यात ‘कोश’ हा शब्द उच्चारला की वाईचे नाव आपोआप पुढे येते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी प्रमुख संपादक म्हणून ज्याची घडी बसवली, त्या मराठी विश्वकोशाचे काम कृष्णाकाठच्या याच गावात चालले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढे वीस खंड झाले. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध करण्याचे काम स्वतःच्या हिमतीवर पार पाडले होते. या दोन्ही कामांमुळे मराठी वाचकाच्या मनात एक समजूत पक्की बसली आहे, ती अशी की कोश विद्वानांनी लिहावा आणि इतरांनी तो वाचावा. छापील कोशाच्या बाबतीत ही समजूत अगदी रास्त आहे. मात्र तीच घेऊन आपण विकिपीडियाच्या दाराशी उभे राहिलो, तर पाऊल उंबऱ्याच्या अलीकडेच अडते. गेली काही वर्षे वाई, सातारा आणि कराड या भागांत नव्या लोकांना विकिपीडियावर लिहायला बसवताना मला संगणकाविषयीच्या तक्रारी फारशा ऐकू आल्या नाहीत. सर्वांत जास्त वेळा कानावर आला तो ‘त्यात मी कोण लिहिणार?’ हा प्रश्न. या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचा प्रयत्न आहे.

विकिपीडिया इंग्रजीत १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे योगायोगाने महाराष्ट्र दिनी. आज तीनशेहून अधिक भाषांत त्याच्या स्वतंत्र आवृत्त्या आहेत आणि मराठीतील लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याची यंत्रणा आणि कायदेशीर बाजू सांभाळते, परंतु लेख लिहिण्यासाठी तिने कोणी पगारी लेखक ठेवलेले नाहीत. लेख लिहितात ते वाचकच. खाते उघडलेल्या लेखकाला येथे ‘सदस्य’ म्हणतात आणि सदस्यांनीच आपल्यातून निवडलेल्या, पान हटवणे किंवा संपादनासाठी बंद करणे असे जादा अधिकार असलेल्या काही जणांना ‘प्रचालक’. प्रचालक म्हणजे मुख्य संपादक नव्हे, ही गोष्ट नव्या माणसाला दोन-तीनदा सांगावी लागते, कारण कोणाकडे तरी लेख ‘मंजुरीला’ पाठवायचा असतो असे त्याने गृहीत धरलेले असते.

कोणीही लिहू शकत असेल तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा यापुढचा स्वाभाविक प्रश्न. छापील कोशात विश्वास लेखकाच्या नावावर असतो. भूगर्भशास्त्रावरची नोंद त्या विषयाच्या प्राध्यापकाने लिहिली, म्हणून ती आपण मानतो. विकिपीडियात लेखक कोण आहे हे बहुधा कळतच नाही आणि कळण्याची गरजही नसते, कारण तेथे विश्वासाचा भार लेखकाच्या खांद्यावरून उचलून संदर्भावर ठेवलेला आहे. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला, हे वाक्य बारावीतल्या मुलीने लिहिले की भूकंपशास्त्रज्ञाने, याने काही फरक पडत नाही. त्या वाक्याच्या शेवटी ज्या पुस्तकाचा किंवा अहवालाचा उल्लेख आहे तो उघडून पाहिल्यावर तीच तारीख तेथे सापडते की नाही, एवढेच पाहिले जाते. म्हणून ‘मी कोण लिहिणार?’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे असते: जाणकाराने जे आधीच लिहून ठेवले आहे, ते नीट वाचून, आपल्या शब्दांत मांडून, ते कोठे सापडेल हे दाखवू शकणारा कोणीही माणूस येथे लिहिण्यास पात्र आहे. याची दुसरी बाजू मोठमोठ्या जाणकारांना जड जाते. स्वतः शास्त्रज्ञ जरी आला, तरी ‘मला ठाऊक आहे म्हणून’ हे कारण त्याचेही चालत नाही.

पात्रतेचा प्रश्न मिटला की भीती उरते: चुकून काही बिघडले तर? याचे उत्तर मी तलाठी कार्यालयाच्या भाषेत देतो, कारण आमच्याकडे ते लगेच पटते. सात-बारा उताऱ्यावर आज जी नावे दिसतात त्यांच्यामागे फेरफार असतात. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो, तारीख असते, कोणाच्या सांगण्यावरून काय बदलले याची नोंद असते आणि कोणाची हरकत असेल तर ती मांडण्याची सोय असते. विकिपीडियाचा लेख हा सात-बारा समजावा. प्रत्येक लेखाला जोडलेले ‘इतिहास’ नावाचे पान म्हणजे त्याची फेरफार नोंदवही. लेख जन्माला आल्यापासून झालेला प्रत्येक बदल, अगदी एका स्वल्पविरामाचासुद्धा, तेथे वेळेसह जपलेला असतो आणि कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून त्यांतला फरक पाहता येतो. ‘चर्चा’ नावाचे पान म्हणजे हरकतीची जागा. उपमा येथे थोडी मोडते, हेही सांगून ठेवले पाहिजे. महसुलात आधी नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मग नोंद प्रमाणित होते. विकिपीडियात बदल आधी होतो आणि हरकत मागाहून येते. त्यामुळे चूक काही काळ लेखात राहू शकते. पण ती काढायला अर्ज, खेटे आणि मंडल अधिकाऱ्याची सही लागत नाही. जुनी आवृत्ती परत आणण्यास दोन-तीन टिचक्या पुरतात. तुम्ही आख्खा लेख पुसून टाकला तरी तो खऱ्या अर्थाने पुसला जात नाही. आणि एवढ्यानेही धीर येत नसेल त्यांच्यासाठी ‘धूळपाटी’ आहे: जुन्या शाळेतल्या त्या पाटीसारखे, हवे ते गिरवून पाहण्याचे पान.

हरकत आली की काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्याविषयीच्या लेखात एकाने लिहिले की त्यांचे गाव येडेमच्छिंद्र हे सातारा जिल्ह्यात आहे. दुसऱ्याने ते खोडून सांगली केले. तिसऱ्याला हा सातारकरांवर अन्याय वाटला आणि त्याने पुन्हा सातारा केले. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत. १९४३ ते १९४६ या काळात प्रति सरकार, म्हणजे ब्रिटिशांना न जुमानता चालवलेले समांतर सरकार, चालले तेव्हा येडेमच्छिंद्र ज्यात येते तो वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता, म्हणून त्या चळवळीच्या सर्व जुन्या कागदपत्रांत आणि आठवणींत ‘साताऱ्याचे प्रति सरकार’ असाच उल्लेख सापडतो. पुढे संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव बदलून ‘सांगली’ ठेवण्यात आले. म्हणजे भांडण माणसांचे नसून दोन काळांतल्या नकाशांचे आहे. चर्चापानावर दोन्ही बाजूंनी आपापले संदर्भ ठेवले की तोडगा जवळजवळ आपोआप निघतो: ‘येडेमच्छिंद्र (तत्कालीन सातारा जिल्हा, सध्या सांगली जिल्हा)’. अशा तोडग्यापर्यंत न पोहोचता तेच ते बदल एकमेकांवर उलटवत बसणे याला विकिपीडियावर फार वाईट मानतात आणि चोवीस तासांत एकाच पानावर कोणाचे तरी बदल तीनपेक्षा जास्त वेळा उलटवू नयेत असा संकेतही आहे. मला स्वतःला या प्रक्रियेचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण लेखात शेवटी जे वाक्य उरते ते तिघांपैकी एकट्या कोणाच्याही वाक्यापेक्षा अधिक माहिती देते.

आता प्रत्यक्ष सुरुवात. नव्या माणसाला मी नवा लेख लिहू देत नाही. जेवण शिकवताना पहिल्याच दिवशी पुरणपोळी करायला कोणी सांगत नाही, तसेच हे. त्याऐवजी आपल्या तालुक्याचे किंवा गावाचे असलेले पान उघडावे आणि सावकाश, परीक्षकाच्या नजरेने वाचावे. एखादे शुद्धलेखन चुकलेले दिसेल, एखाद्या वाक्यानंतर ‘संदर्भ हवा’ अशी खूण दिसेल, जिल्ह्याची लोकसंख्या दिलेली असेल पण ती कोणत्या जनगणनेची हे लिहिलेले नसेल. साताऱ्याची ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतली आहे. ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ हे शब्द नसतील तर तो आकडा अर्धवट आहे, कारण वाचकाला तो आजचा वाटतो. एवढे शब्द घालणे आणि त्याला जनगणनेच्या प्रकाशनाचा संदर्भ जोडणे, ही पहिली उत्तम दुरुस्ती झाली. ‘संपादन’ वर टिचकी मारावी, योग्य जागी मजकूर टंकावा, संदर्भ जोडण्याच्या चौकटीत प्रकाशनाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक भरावेत, खाली ‘काय बदल केला’ याविषयीच्या रकान्यात चार शब्द लिहावेत आणि बदल प्रकाशित करावा. तो रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. सोडू नये, दूर कोठेतरी बसून बदल तपासणाऱ्या सदस्याला तुमचा हेतू कळण्याचा तेवढाच एक मार्ग असतो. खाते न उघडताही संपादन करता येते, परंतु खाते असलेले बरे, कारण मग तुमच्याशी बोलायला लोकांना एक कायमचा पत्ता मिळतो. खात्याला खरे नाव देण्याची सक्ती नाही.

माझी स्वतःची पहिली दुरुस्ती टिकली नाही. आमच्या गावच्या पानावर मी मोठ्या हौसेने लिहिले होते: ‘गावातील जागृत देवस्थान पंचक्रोशीत प्रसिद्ध असून येथील यात्रा डोळ्यांचे पारणे फेडणारी असते.’ दुसऱ्या दिवशी वाक्य गायब. मला राग आला. माझ्या गावाविषयी माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक, असेही वाटले. आज ते वाक्य वाचताना त्यातला एकही शब्द तपासता येण्याजोगा नाही हे स्पष्ट दिसते. देवस्थान जागृत आहे की नाही हे भक्ताने ठरवावे, कोशाने नव्हे. पारणे कोणाच्या डोळ्यांचे फिटले याला पुरावा नाही. आणि यात्रा कोणत्या तिथीला भरते ही एकमेव उपयोगी माहिती मी द्यायलाच विसरलो होतो.

हा दोष फक्त माझा नाही. आपल्या मराठी गद्यात, विशेषतः गावाकडच्या, गौरवाची एक तयार भाषा आहे. ती निमंत्रणपत्रिकेतून स्मरणिकेत, स्मरणिकेतून चौकातल्या फ्लेक्सवर आणि फ्लेक्सवरून थेट विकिपीडियावर येते. ‘भाग्यविधाते’, ‘कार्यसम्राट’, ‘शैक्षणिक क्षेत्रातील दीपस्तंभ’ हे शब्द व्यक्तीविषयी काहीही सांगत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, या एका वाक्यात जे आहे ते दहा विशेषणांत मावणार नाही. तटस्थपणे लिहावे, असा विकिपीडियाचा नियम आहे. त्याचा अर्थ आपल्याला आपल्या माणसांविषयी आदर नसावा असा नाही. तो आदर वाचकाच्या मनात तथ्यांमुळे उत्पन्न व्हावा, लेखकाने तो आधीच वाटून टाकू नये. याच कारणाने स्वतःविषयी, स्वतःच्या घरच्या संस्थेविषयी किंवा आपण ज्याच्याकडे नोकरी करतो त्याच्याविषयी लिहिणे टाळावे. राहवतच नसेल तर चर्चापानावर नाते उघड सांगून दुरुस्ती सुचवावी आणि ती करायची की नाही हे दुसऱ्यावर सोडावे.

नावांचाही एक गमतीदार घोळ आहे. विटा हे सांगली जिल्ह्यातले गाव शोधणारा वाचक आणि बांधकामाच्या विटा शोधणारा वाचक एकच शब्द टंकतात. औंध म्हटले की सातारकराला यमाईचे आणि जुन्या संस्थानाचे औंध आठवते, पुणेकराला मात्र शेजारचे उपनगर. अशा ठिकाणी विकिपीडिया एक ‘निःसंदिग्धीकरण’ पान ठेवतो, म्हणजे दोन रस्ते फुटतात तेथली पाटी. कराड की कऱ्हाड, हा वाद तर आमच्याकडे जुनाच आहे. त्यावर उपाय सोपा: लेख एका नावाने ठेवायचा आणि दुसरे नाव टंकणाऱ्याला ‘पुनर्निर्देशन’ करून तेथेच पोहोचवायचे. वाद मिटतो असे नव्हे, पण वाचक चुकत नाही.

मजकूर कोठून उचलायचा, यात नव्या लोकांकडून सर्वांत गंभीर चूक होते. एखाद्या संकेतस्थळावरचा परिच्छेद तसाच आणून चिकटवणे, हा स्वामित्वहक्काचा भंग आहे. खाली त्या संकेतस्थळाचे नाव लिहिल्याने तो भंग धुऊन निघत नाही. माहितीवर कोणाची मालकी नसते, ती मांडणाऱ्या शब्दांवर असते. म्हणून दोन-तीन ठिकाणी वाचावे, पुस्तक मिटावे आणि मग आपल्या वाक्यांत लिहावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या पुस्तकावरचा हक्क राहतो आणि त्यानंतर ते पुस्तक सर्वांचे होते. तुम्ही स्वतः जे विकिपीडियावर लिहिता तेही क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या मुक्त परवान्याखाली जाते: कोणीही ते श्रेय देऊन वापरू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. ही अट मान्य नसेल तर येथे लिहू नये. ‘माझा लेख बदलला’ ही तक्रार या परवान्यापुढे टिकत नाही, कारण पहिल्या क्षणापासून तो ‘माझा’ नसतोच.

येथपर्यंतचे नियम समजायला सोपे आहेत. खरी अडचण पुढे आहे आणि ती आपल्या भागात फार जाणवते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरा कसा घडतो, कोणता भोपळा घ्यायचा, तो किती वाळू द्यायचा, जवारी कशी लावायची (म्हणजे घोडी घासून तारेच्या नादाला घुमारा कसा आणायचा), हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांत आणि कानांत राहिले आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर त्याविषयी छापून आलेला मजकूर वाढला, तरी कारागिराला जे ठाऊक आहे त्याचा थोडाच अंश कागदावर उतरलेला आहे. वाई तालुक्यातल्या बावधनच्या बगाडाचेही, म्हणजे उंच खांबाला माणूस टांगून ओढल्या जाणाऱ्या यात्रेतल्या गाड्याचेही, तसेच: रंगपंचमीला ते निघते हे वर्तमानपत्रांत दर वर्षी येते, पण त्यातले मान कोणाकडे कसे आले हे म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच सापडते. विकिपीडियाचा नियम मात्र छापील किंवा प्रकाशित संदर्भ मागतो. म्हणजे ज्यांच्याविषयी आधीच भरपूर लिहिले गेले त्यांच्याविषयी आणखी लिहिता येते आणि ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही ते पुन्हा बाहेर राहतात. हा अन्याय आहे, असे मला वाटते. तरीही नियम सैल करावा असे वाटत नाही, कारण ‘आजोबा सांगायचे’ हा आधार एकदा मान्य केला की प्रत्येक वाड्यातले आजोबा वेगळे सांगू लागतात.

त्यातून दोन वाटा निघतात. पहिली अशी की ते ज्ञान आधी दुसरीकडे प्रकाशित व्हावे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्रकल्प होतात, संशोधनाची नियतकालिके निघतात. कारागिरांच्या मुलाखती घेऊन, नाव-तारीख देऊन, जबाबदार संपादनाखाली त्या छापल्या की त्यांचा संदर्भ देता येतो. दुसरी वाट त्याहून जवळची आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते: छायाचित्र. विकिमीडिया कॉमन्स या भावंड-प्रकल्पात तुम्ही स्वतः काढलेले छायाचित्र देताना पुस्तकाचा दाखला लागत नाही. भोपळा कापतानाचा, त्यावर तबली (लाकडी झाकण) बसवतानाचा, तारा चढवतानाचा असा एकेक टप्पा, कारागिराच्या संमतीने, मोबाइलवर नीट टिपला आणि मुक्त परवान्याखाली दिला, तर जगातल्या कोणत्याही भाषेतल्या लेखाला तो वापरता येतो. आपल्याकडील कायद्यानुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या इमारतींची आणि पुतळ्यांची छायाचित्रे काढून देण्यासही आडकाठी नाही; भिंतीवरच्या चित्राला किंवा वर्तमानपत्राच्या कात्रणाला मात्र ही सवलत नाही. लिहायला अजून धजत नसलेल्या माणसाला मी हल्ली याच कामाला लावतो. वाईजवळच्या मेणवलीचा नदीघाट सर्वांनी टिपून झाला आहे. तुमच्या गावची बारव अजून कोणी टिपलेली नसेल.

कार्यशाळा घेणाऱ्या शिक्षकांसाठी एक व्यवहारातली सूचना. जानेवारीतल्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात अनेक महाविद्यालयांत अशी सत्रे होतात, चाळीस मुले संगणक कक्षात बसतात आणि सातव्या मुलाचे खाते उघडेनासे होते. यंत्र बिघडलेले नसते: एका इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सहाच खाती उघडता येतात, गैरवापर टाळण्यासाठी तशी मर्यादा आहे. मुलांना आदल्या दिवशी आपापल्या मोबाइलच्या इंटरनेटवरून खाते उघडून यायला सांगावे आणि ग्रंथालयातून प्रत्येकासाठी एक पुस्तक टेबलावर आणून ठेवावे. पुस्तक समोर नसले की मुले गुगलवर जातात आणि चिकटवाचिकटवी सुरू होते. किती लेख झाले याचा आकडा अहवालात घालण्याचा मोहही आवरावा. एका दुपारी घाईने केलेले चाळीस तुटपुंजे लेख नंतर कोणीतरी निवडत आणि पुसत बसतो.

तो कोणीतरी म्हणजे जुना सदस्य, आणि नवा माणूस टिकतो की जातो हे पुष्कळसे त्याच्या हातात असते. नवख्यांशी आपुलकीने वागावे, समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चालावे, हे विकिपीडियाच्या धोरणांत स्पष्ट लिहिलेले आहे. पण रोज शंभर बदल तपासणाऱ्याला प्रत्येक वेळी ते आठवतेच असे नाही. बदल उलटवला गेला तर नव्या सदस्याने तो अपमान मानू नये, ‘इतिहास’ पाहावा, कारण दिले आहे का ते वाचावे आणि चर्चापानावर किंवा ‘चावडी’ या सर्वांच्या बैठकीच्या पानावर सरळ विचारावे. चावडीवर बहुधा उत्तर मिळते, थोडा उशीर लागला तरी.

माझे ते यात्रेचे वाक्य काढणाऱ्याने माझ्या चर्चापानावर दोन ओळी ठेवल्या होत्या, त्या मला चार दिवसांनी दिसल्या. पुस्तकाचे नाव आणि पृष्ठ दिलेत तर यात्रेची माहिती परत घेता येईल, असा त्यांचा आशय होता. मी ग्रंथालयात गेलो आणि सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर काढायला सांगितले. तेथे आमच्या गावच्या यात्रेची तिथी एका ओळीत नोंदलेली होती. त्या संध्याकाळी ती तिथी पृष्ठ क्रमांकासह पानावर गेली आणि अजून तेथे आहे. ‘जागृत’ हा शब्द पुन्हा घालण्याचे धाडस मात्र मी केले नाही, आणि गावात अद्याप कोणाच्या ते लक्षातही आलेले नाही.